सहा घरांतला एकच टोप

त्या टोपाला खळी होती. काठाच्या जरा खाली, डाव्या कुशीला, कुणी अंगठा दाबून धरावा तसा गोल पोचा. टोप जर्मनचा. म्हणजे ॲल्युमिनियमचाच, पण आमच्या भागात त्याला जर्मनचा म्हणतात आणि मीही तसंच म्हणणार. बाकी अंगाने तो घासून घासून इतका लख्ख होता की त्यात मला माझी हनुवटी दिसली, आणि ती एकच नव्हती हेही दिसलं.

मी तलासरीची. पन्नाशी ओलांडलेली, आवाजाने दणकट, अंगाने त्याहून. गणपतीतल्या नाटकांत मी आयुष्यभर खाष्ट सासू केली, आणि एकदा फौजदाराचं काम करणारा ऐनवेळी आजारी पडला म्हणून मिशी लावून फौजदारही केला. आमच्या गल्लीत अजून काही लोक मला साहेब म्हणतात. पोटासाठी मात्र मी पाहणीची कामं करते. मुंबईहून कुठली कुठली संस्था येते, तिला डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर जाऊन काहीतरी विचारायचं असतं आणि विचारणाऱ्याला लोकांची बोली कळत नाही. मग मला बोलावतात. मी पाण्याविषयी विचारलंय, तापाविषयी विचारलंय, संडासाविषयी तर इतकं विचारलंय की काही पाड्यांवर मला बघितलं की लोक आपोआप "हो, वापरतो" म्हणतात.

यावेळी प्रश्न खाण्याचा होता. संस्थेला गरोदर बायांसाठी पाड्यापाड्यावर दुपारचं गरम जेवण सुरू करायचं होतं, अंड्यासकट. पण सगळ्या पाड्यांना पुरेल इतकं बळ नव्हतं. म्हणून आधी संशोधन: कुठल्या पाड्यावर खाणं खरोखर कमी पडतं ते मोजायचं आणि तिथे चूल पेटवायची. ऐकायला किती छान! मला तर फार आवडलं. अंदाजाने वाटप होण्यापेक्षा मोजून व्हावं, यात वाईट काय?

तलासरीच्या एका सभागृहात आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. मुंबईहून आलेले सर होते. शांत, सौम्य, स्वच्छ शर्टाचे. त्यांनी आम्हाला वजनकाटा दाखवला, असा नाजूक की त्यावर माशी बसली तरी आकडा हलावा. पद्धत अशी: पाड्यावरची सहा घरं चिठ्ठ्या टाकून निवडायची. रोज एक घर. आदल्या दिवशी त्या घराला सांगायचं की उद्या येतो, म्हणजे माणसं मजुरीला निघून जाणार नाहीत. सकाळपासून चुलीशी बसायचं. कच्चा तांदूळ मोजायचा. रिकाम्या भांड्याचं वजन घ्यायचं, मग शिजल्यावर भरलेल्याचं, मग वजाबाकी. प्रत्येकाच्या ताटात किती पडलं, किती उरलं, सगळं.

"आणि एक महत्त्वाचं," सर म्हणाले. "हे कशासाठी चाललंय ते घरात सांगायचं नाही. जेवणाची योजना येणार आहे असं कळलं की लोक मुद्दाम कमी खाल्ल्याचं दाखवतील."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. आज ती मान माझ्या हाताला लागली तर मी मुरगळीन. गरीब माणूस खोटं बोललाच तर गरिबीच्या बाजूनेच बोलेल, असं आम्ही एका चहाच्या अवधीत ठरवून टाकलं. दुसऱ्या बाजूनेही कुणी खोटं बोलू शकतं, हे त्या खोलीत एकालाही सुचलं नाही. आणि आम्ही सगळे जण पाहुणे आले की शेजारून साखर उसनी आणणाऱ्या घरांतले!

आमच्या वाट्याला आलेला पाडा सायवनच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. मी आणि मुंबईची एक तरुण मॅडम, दोघीच. मॅडम पोषणशास्त्र शिकलेली, हुशार, बारीक, आणि मराठी बोलताना प्रत्येक वाक्याआधी मनातल्या मनात पाण्यात उडी मारल्यासारखा चेहरा करणारी. आम्ही कासाहून जीपने जायचो. जीपमध्ये चौदा माणसं, दोन बकऱ्या आणि मॅडमच्या मांडीवर तो वजनकाटा, तान्ह्या बाळासारखा दुपट्यात गुंडाळलेला.

दिवस श्रावणाचे. भात शेतात हिरवागार, डोळे निववणारा, आणि घरातली कणगी तळाला लागलेली. नवं धान्य यायला अजून बराच वेळ. अख्ख्या वर्षातले खाण्याचे सगळ्यात ओढगस्तीचे दिवस हेच, आणि पाहणीला तेच निवडले होते. एवढं मात्र सरांचं बरोबर होतं.

पहिलं घर एका सासू-सुनेचं. सासू माझ्याच वयाची, पण ती सडसडीत, आणि शेतातून चालत आली की काठी चालत आल्यासारखी वाटायची. तिचा मुलगा डहाणूकडे चिकूच्या वाडीवर मजुरीला, म्हातारा नवरा आतल्या खोलीत अंथरुणावर, आणि एक धाकटी मुलगी. सून सहाव्या महिन्यात. आधीचं मूल दिवस भरायच्या आत झालं होतं आणि राहिलं नव्हतं. हे मला पहिल्याच तासात कळलं, कारण घरधनीण सुनेला खाली वाकूच देत नव्हती. सुनेने झाडूला हात लावला की ही ओरडायची, "ठेव तो! घर कुठं पळून नाय जात!"

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात कोंबडा कापून झाला होता.

"बाय, हे काय?" मी म्हटलं.

"काय म्हणजे? कोंबडा हाय."

"माझा श्रावण आहे."

"तुमचा असंल. कोंबड्याचा नाय ना."

मॅडमने विचारलं, त्या काय म्हणाल्या. मी भाषांतर केलं नाही. माझा श्रावण असा संपला.

मग तांदूळ मोजला. चांगला पांढरा तांदूळ. मग तो टोप आला, खळीवाला. मॅडमने तो काट्यावर ठेवला, आकडा सांगितला, मी माझ्या कच्च्या वहीत लिहिला. भात शिजला, कोंबडा शिजला, पानं मांडली. आमच्या फॉर्मात शेवटी एक प्रश्न होता: आजचं जेवण नेहमीसारखं आहे का? हो किंवा नाही. मी तो प्रश्न माझ्या खास आवाजात विचारला, ज्या आवाजात मी फौजदार होऊन विचारलं होतं की खून झाला तेव्हा तू कुठे होतीस.

घरधनिणीने पदर खोचला. एकदा छपराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "हो तर," ती म्हणाली. "रोजचंच."

अहो, मी रंगभूमीवर तीस वर्षं काढली आहेत. नट दुसऱ्या नटाला ओळखतो. ते "रोजचंच" इतकं सुंदर आलं होतं, इतकं हलकं, बेफिकीर, की मला टाळी वाजवावीशी वाटली. मी टाळी वाजवली नाही. मी "हो" वर खूण केली. आणि रस्सा पुन्हा वाढून घेतला.

दुसरं घर पलीकडच्या टेकाडावर. तिथे अंडी होती, भात होता. तिसऱ्या घरी तुरीची आमटी, भात आणि किनाऱ्यावरच्या आगरच्या कोळणींकडून कासाच्या बाजारात येतात ते सुके बोंबील, भाजून. दोन्ही घरी मी "हो" वर खूण केली. तिसऱ्या घरी भाताचं भांडं काट्यावर ठेवलं तेव्हा मॅडम आकडा सांगत होती आणि मी बघत होते ती खळी. काठाच्या जरा खाली. डाव्या कुशीला.

चौथ्या दिवशी मी मॅडमच्या आधीची जीप पकडून लवकर पोचले आणि बांधावर थांबले. थोड्या वेळाने पहिल्या घराची घरधनीण डोक्यावर टोप घेऊन उतरताना दिसली. टोपात तांदूळ, तांदळावर चार कांदे. मला बघून ती थबकली. पण क्षणभरच.

"कुठे निघालीस टोप घेऊन?"

"हिच्याकडं. हिच्याकडं मातीचीच तवली हाय, काळी पडलेली. मुंबईची पोरगी बसणार समोर. बरं दिसतं काय?"

"आणि तांदूळ?"

"तिच्याकडं नागलीच हाय फक्त."

"मग नाचणी खाऊ दे ना तिला. आम्ही काय जेवायला येतो का?"

तिने माझ्या पोटाकडे असं काही बघितलं की मी पदर सारखा केला. "पाहुणा कुणाचा असतो, बाय? एका घरचा असतो काय? पाड्याचा असतो." आणि ती डुलत निघून गेली.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही सांगितलं? मीही स्वतःला हेच विचारते आणि फौजदाराच्या आवाजात विचारते. मला वाटलं, जाऊ दे, यांची हौस. मला वाटलं, हे मॅडमला सांगितलं तर तिला वाईट वाटेल, पाड्याला लाज वाटेल, आणि शेवटचा कप्पा आपल्या मनाचा उघडायचा तर, मला जेवण आवडलं होतं. सहाही घरांत मी जेवले. सहाही फॉर्मांवर "हो".

भाद्रपदात यादी लागली. ओहोळापलीकडच्या पाड्याला जेवण मिळालं, आणखी दोन-तीन पाड्यांना मिळालं. आमच्या पाड्याला नाही. कारण शेजारी छापलेलं होतं: खाणं पुरेसं.

मला हे कळलं ते कासाच्या बाजारात. मी सुकट निवडत होते. मागून माझा दंड कुणीतरी असा धरला की सुकटीची परडी उलटली.

"चला इकडं," घरधनीण म्हणाली.

"अगं, हळू. काय झालं?"

"अंगणवाडीच्या बाईनं वाचून दाखवलं. आमचे पाड्यात खाणं पुरतं म्हणे. कुणी सांगितलं?"

मी परडीकडे वाकू लागले, तिने दंड सोडला नाही.

"तुमी सांगितलं. मला ती बोलली, वजनं केली त्याच्यावरून ठरलं. ती वजनं जेवण द्यायसाठी होती?"

"सांगायचं नव्हतं आम्हाला."

"का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही कमी खाल्ल्याचं दाखवलं असतं म्हणून."

बाजार चाललेला, पलीकडे किराणावाला गुजरातीत कुणावर तरी खेकसत होता, आणि माझ्यासमोर ही बाई, हातात मिरच्यांची पुडी, तिला हे वाक्य नीट समजलं की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. मग तिला ते समजलं. मी ते समजताना पाहिलं.

"आमी पाहुण्याला खायला घातलं," ती म्हणाली, सावकाश. "आणि तुमी ते आमचे नावावर लिवलं."

मी आयुष्यात कुणाकुणाचे टोमणे खाल्ले आहेत, सासूचे तर जेवणासारखे दोन वेळा. पण हे वाक्य मला अजून पचलेलं नाही.

"सुनेला सातवा लागला," ती पुढे म्हणाली. "तो कोंबडा तिच्यासाठी ठेवला होता, बाळंत झाल्यावर. तुमाला घातला. आता ते अंडं पण गेलं."

सुकटवाली म्हणाली, ताई, परडी कोण उचलणार? मी खाली बसून सुकट गोळा करू लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते सुकटीमुळे नव्हे, आणि ते दुःखाचंही नव्हतं. संताप होता. सरांचा, पद्धतीचा, त्या "हो" आणि "नाही" च्या दोन चौकोनांचा, आणि पुन्हा रस्सा मागून घेणाऱ्या एका जाड्या बाईचा.

घरी आल्यावर मी कच्ची वही काढली. का काढली सांगता येत नाही. मारामारी करायची असली की माणूस आधी हाताला काय लागतं ते बघतो तसं. पानं उलटली. पहिलं घर, भाताचं रिकामं भांडं, वजन. दुसरं घर, भाताचं रिकामं भांडं, वजन. मी चष्मा पुसला. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं.

तोच आकडा. शेवटच्या ग्रॅमपर्यंत तोच.

मी खुर्चीतच नाचले. माशी बसली तरी हलणारा तो काटा! सहा घरं, सहा चुली, सहा कुटुंबं, आणि प्रत्येकाच्या भाताच्या भांड्याचं वजन अगदी तेवढंच? कुणाला शंका नको यायला? सगळं कागदावर होतं, पहिल्या दिवसापासून होतं. काट्याने खरं सांगितलं होतं. आमच्यापैकी कुणी ते वाचलं नव्हतं, आम्ही फक्त वजाबाकी केली होती. आणि वजाबाकी करून जे बाजूला टाकलं, नेमकं तेच खरं होतं.

पाहणीचे निष्कर्ष सांगण्याची बैठक तलासरीच्या त्याच सभागृहात होती. मी घरधनिणीला म्हटलं, चल. ती म्हणाली, मी तिथं काय करू? मी म्हटलं, टोप घेऊन चल.

ती आली. हिरवं लुगडं, डोक्यात अबोली, आणि काखेत फडक्यात बांधलेला टोप. दारावरच्या माणसाला वाटलं जेवणाचा डबा आहे, त्याने सोडलं. आत खुर्च्या, पडदा, आणि टेबलांवर सगळ्यांसाठी चहा, बिस्किटं आणि बशीत काजू. पडद्यावर रंगीत खांब. आमच्या पाड्याचा खांब हिरवा आणि ऐटीत उभा. बाकीचे पाडे त्याच्या कमरेला.

सर बोलून झाल्यावर "काही प्रश्न?" म्हणाले. मी उभी राहिले. मी उभी राहिले की खुर्ची जो आवाज करते त्याने अर्ध्या सभागृहाचं लक्ष आपोआप जातं.

"सर, मी फक्त वाचून दाखवते," मी म्हटलं, आणि वही उघडून वाचू लागले. पहिलं घर, रिकामं भांडं, आकडा. दुसरं घर, रिकामं भांडं, आकडा. तिसऱ्याला मागे कुणीतरी फिसकन हसलं. चौथ्याला बरेच हसले. पाचव्याला मी जरा थांबले. थांबायचं कुठे हे मला कळतं. सहाव्याला कुणीच हसलं नाही.

"याचा अर्थ काय?" सर म्हणाले.

घरधनीण पुढे गेली, फडकं सोडलं आणि टोप टेबलावर ठेवला, काजूंच्या शेजारी. खळी सरांकडे करून. मॅडम कोपऱ्यात बसली होती. ती उठली, पिशवीतून काटा काढला, चालू केला, टोप त्यावर ठेवला. आकडा मी वाचायची गरज नव्हती, सर तो वाकून स्वतः वाचत होते.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "सहाही घरांनी चुकीची माहिती दिली."

इथे माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडलं. पण घरधनिणीने हात वर केला, मला गप्प करायला, आणि मला आजवर एवढ्या थोडक्यात कुणी गप्प केलेलं नाही.

"साहेब," ती म्हणाली, "हे काय हाय?" बशीकडे बोट.

"काजू. घ्या ना."

"आज आमी आलो म्हणून ठेवलं?"

"हो, म्हणजे, पाहुण्यांसाठी."

"रोज खाता तुमी?"

"रोज कसे खाऊ?" सर हसले.

"मग मी जाऊन लिवू काय, का तलासरीच्या हापिसात रोज काजू खातात? यांना पगार नको?"

सभागृह जे हसलं! पंखे हलले. पण सर हसत नव्हते. ते बशीकडे बघत होते, आणि त्यांच्या बाजूने एवढं सांगायला हवं की त्यांना कळलं तेव्हा पूर्ण कळलं. चेहरा उतरला. मॅडम म्हणाली, मराठीत, यावेळी उडी न मारता, "सर, आपण आदल्या दिवशी सांगत होतो. पाहुणे येणार म्हणून आपणच सांगत होतो. आणि कशासाठी ते सांगत नव्हतो."

मग मी माझा कबुलीजबाब दिला. चौथ्या दिवसापासून मला ठाऊक होतं, मी बोलले नाही, मी सहा वेळा "हो" वर खूण केली. हे मी नाटकी आवाजात सांगायचं ठरवून आले होते. ते जमलं नाही. आवाज अगदी साधा निघाला, रेशन दुकानात उभी असल्यासारखा.

ठरलं असं की आमच्या पाड्याची पाहणी पुन्हा करायची. न सांगता जायचं, आणि कशासाठी ते मात्र सांगायचं. खांब लगेच पाडता येणार नव्हता. कुठल्या तरी समितीची मंजुरी, कुठला तरी सुधारित आराखडा. संतापाने मी त्या दिवशी तीन बशा काजू संपवले.

भाद्रपद संपत आला तेव्हा आम्ही दोघी गेलो. कुणाला न कळवता, भर सकाळी. घरधनीण अंगणात नागली पाखडत होती. आम्हाला बघितलं आणि तिचा हात सुपावरून सुटला. नजर पलीकडच्या टेकाडाकडे गेली, शेजारणीच्या दाराकडे गेली. पाय निघालासुद्धा. मग ती अर्ध्या अंगणात उभी राहिली, पदर बोटाला गुंडाळत. पाहुणे दारात आणि घरात काही आणायला जायचं नाही, असा प्रसंग तिच्यावर जन्मात आला नव्हता.

"आज नाय," ती स्वतःलाच म्हणाली, आणि आत वळली.

नागलीची पातळ पेज. मिरची आणि मीठ वाटून. कुरडूचा पाला. बांधावरून धरलेली दोन बारकी खेकडी, त्यातलं एक सुनेच्या वाटीत. पेज आधी सासऱ्यांना, ते म्हातारे आतल्या खोलीत पडून असायचे. मग धाकट्या नणंदेला. सून शेवटी. मॅडमने प्रत्येक वाटी काट्यावर ठेवली. सुनेची वाटी ठेवली तेव्हा आकडा बघून तिने काटा शून्यावर आणला आणि वाटी पुन्हा मोजली. घरधनीण भिंतीकडे तोंड करून बसली होती.

शेवटचा प्रश्न मला विचारायचा होता. तो फॉर्मातून काढता आला नव्हता.

"आजचं जेवण नेहमीसारखं आहे का?"

श्रावणात जी बाई पदर खोचून एका दमात "रोजचंच" म्हणाली होती, तिला आता तोंड उघडवेना. खोटं किती सहज आलं होतं! खऱ्याला मात्र लाज आडवी येत होती, आणि ती लाज तिने का वाटून घ्यावी? तिने काय केलं होतं? ती ज्यांना वाटायला हवी ते कुठेतरी पंख्याखाली खांब रंगवत होते. आणि एक तिच्यासमोर मांडी घालून बसली होती.

"लिवा," ती शेवटी म्हणाली. "हो."

मी लिहिलं. सहाच्या सहा घरांत लिहिलं. मातीच्या सहा वेगवेगळ्या तवल्या, प्रत्येकीचं वजन वेगळं.

पाड्यावर चूल पेटली ती दसऱ्यानंतर. नवव्या महिन्यात सुनेला अंडं मिळू लागलं. पेटायला हवी होती सातव्यात. मधले ते दिवस कुठल्या फॉर्मात लिहायचे? मी सरांना फोन करून हे विचारलं. ते म्हणाले, तुमचा राग योग्य आहे. म्हटलं, राग योग्य आहे ते मला माहीत आहे, दिवस परत द्या. पुढच्या तालुक्यातल्या पाहणीत त्यांनी आदल्या दिवशी सांगणं बंद केलं, आणि पाड्यातल्याच बायांना काटा शिकवला, असं मॅडमने कळवलं. मोजण्यावर माझा राग नाही, कधीच नव्हता. त्या मुक्या काट्याने आम्हा सगळ्यांपेक्षा प्रामाणिकपणे काम केलं होतं. आम्ही त्याचं ऐकलं नाही, एवढंच.

कार्तिकात मूल झालं. मुलगी. वजन जरा कमी, पण दिवस भरून आलेली, आणि आवाज असा की मला तिला नाटकात घ्यावंसं वाटलं. पाचवीच्या दिवशी मी गेले. न सांगता गेले, सवयीने, काखेत एक कोंबडा घेऊन. जीपमध्ये चौदा माणसं, आणि तो कोंबडा साऱ्या वाटभर माझ्याशी भांडत होता.

घरधनिणीने कोंबडा बघितला, मला बघितलं. "हा काय?"

"फेड," मी म्हटलं.

"तो यापेक्षा मोठा होता."

"मोजला होता की आपण. वही आणू?"

ती हसली. कोंबडा तिने घेतला आणि सुनेसाठी खुराड्यात कोंडला, मला दाखवून, म्हणजे माझ्या पानात तो येणार नाही हे मला नीट कळावं. मग आत जाऊन टोप आणला, नव्या भाताचा, वाफाळता. खळी माझ्या बाजूला होती. पान मांडलं, डोंगराएवढा भात ओतला, शेजारणीकडून काहीतरी आलेलं त्यावर घातलं, आणि मी घासाला हात लावणार तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं.

"हे लिवायचं नाय," ती म्हणाली.

"नाही लिहीत."

"शपथ?"

"शपथ. जेवू का आता?"

"जेवा. पाहुण्याचं हाय ते."